दुसरा-चौथा शनिवार

रविवार, रात्री उशिरा

उद्या तारीख. वकीलबाईंनी तडजोडीच्या पुरसीसचा, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनाचा, मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय आणि मी तो वाचायचा सोडून रेल्वेचं वेळापत्रक बघत बसलेय. भांडण आता तिथंच येऊन अडकलंय म्हणा ना. लेक माझ्याकडे राहते, हे तिच्या पप्पांना मान्य आहे. तिला परभणीहून पुण्याला न्यायचं की नाही, आणि नेलं तर बापलेकीची गाठ कशी पडायची, एवढंच उरलंय.

आत्ताच्या आदेशात दुसरा आणि चौथा शनिवार आहे, रविवारी संध्याकाळपर्यंत. दोन्ही घरं गावातच. त्यांचं मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान, शनिवारी तिथूनच ते तिला घ्यायला येतात. हाच आदेश पुण्याला लावून बघितला. नांदेड-पनवेल गाडी परळी, लातूर, कुर्डुवाडी, दौंड असा वळसा घेत रात्रभर चालते. म्हणजे शुक्रवारची रात्र गाडीत, रविवारची रात्र गाडीत आणि सोमवारी सकाळी शाळा. तिसरीतलं लेकरू! आदेश लिहिला तेव्हा कॅलेंडर बघून भागत होतं, नकाशा उघडायची वेळच आली नव्हती.

पुण्याच्या दवाखान्यात नर्सची जागा मिळालीय, पगार इथल्या जवळजवळ दुप्पट, शिवाय राहायला दादाचं घर. आई म्हणते, "कशाला जायलीस? इथं काय दवाखाने नाहीत का?" आहेत की. पण इथल्या पगारात भाडं आणि फी भागवून हाती काय राहतं, ते तिलाही माहीत आहे.

सल्ले तर ढीगभर मिळाले. "आधी निघून जा, मग बघू कोर्टाचं," असं सांगणारे जास्त. वकीलबाईंनी स्पष्ट बजावलं: आधी अर्ज, मग सामान. 1890 च्या पालकत्वाच्या कायद्यानं, ताब्याचा अर्ज मूल सर्वसाधारणपणे राहतं तिथल्या कोर्टात चालतो. गुपचूप निघून गेलं की लेकरू बाजूला राहतं आणि कोर्ट कुठलं यावरच वर्षं जातात. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे, हे 1956 च्या कायद्यातलं कलमही आता माझ्या कामाचं नाही, लेक आठ वर्षांची आहे. आता फक्त तिचं हित बघणार. धीर आला तो एकाच गोष्टीनं. ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की बदलता येतात. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये हेच धरून एका आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जायला मुभा दिली होती. मी तर पुण्यालाच चाललेय.

मध्यंतरी त्यांनी शाळेत जाऊन दाखला देऊ नका म्हणून सांगितलं. मी चिडले नाही असं नाही. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे कळल्यावर तो विषय मी सोडला. त्यांचं दुसरं म्हणणं असं की शिक्षणासाठी पुणं कशाला, सगळा महाराष्ट्र लातूरला येतो. अहो, पाढे चाललेत तिचे!

त्यांचं एक मात्र मला पटतं. दुकान उचलून पुण्याला नेता येत नाही. आणि "रोज व्हिडिओ कॉल" हे कागदावर लिहायला सोपं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दादाकडे होतो तेव्हा बघितलंय: लेक दोन मिनिटं बोलते, मग मोबाईल गादीवर उताणा टाकून खेळायला पळते. तिकडे बाप छताचा पंखा बघत बसलेला, फोन काही ठेवत नाही. म्हणून कॉलच्या बदल्यात भेटी कमी करायच्या, हे कलम मी स्वतःच खोडलंय.

त्याऐवजी भेटी थोड्या, पण लांब. मे महिना पूर्ण त्यांच्याकडे, असं मसुद्यात आहे. वकीलबाई शहरातल्या, त्यांना काय माहीत! पंचवीस मेच्या सुमारास रोहिणी लागते, मग मिरग. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, लेकराकडे बघणार कोण? म्हणून सुट्टी लागल्यापासून रोहिणीपर्यंत त्यांच्याकडे, पुढे माझ्याकडे, असं मी पेन्सिलीनं लिहिलंय. हे त्यांनाही पटेल.

आणायचं-सोडायचं कुणी, यावर समुपदेशक बाईंसमोर ते म्हणाले, "एसटीत तुला अर्धं तिकीट, तिलाही अर्धं. तूच आण." बाईसुद्धा हसल्या. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, खरंय, पण रात्रभराची जागरणं काही अर्धी होत नाहीत. शेवटी जाताना मी सोडायचं, येताना त्यांनी, यावर आलोय.

तिच्या आत्यानं परवा बारशात चारचौघांत विचारलं, "तुला कोण आवडतं, मम्मी का पप्पा?" उद्या जज्जसाहेब चेंबरमध्ये तिच्याशी बोलले तर बोलोत, त्यांचं ते कामच आहे. पंगतीत हा प्रश्न विचारायचा अधिकार कुणालाच नाही. पुरसीसमध्ये एक ओळ वाढवायला सांगणार आहे: दोन्हीकडच्या नातेवाइकांनी हे तिला विचारायचं नाही.

दिवाळीचं अजून लटकलंय. लक्ष्मीपूजनाला त्यांना ती दुकानात वह्यांच्या पूजेला हवी, भाऊबीजेला दादाची मुलं तिची वाट बघणार. मधे जेमतेम दोन दिवस आणि सणाची गर्दी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. उद्या सही झाली तर दोन्ही बाजूंची तिकिटं काढता येतील. पुढची तारीख पडली तर यंदा भाऊबीज फोनवर.