उमलिंग ला गाठला, पण अडलो होतो एका अक्षरापाशी

लडाखमधल्या १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग ला खिंडीवर बाबांची बुलेट नेऊन आलो, त्याला आता महिना होईल. भेटेल तो विचारतो, थंडी किती होती, श्वास लागला का? सांगतो सगळं. पण माझ्या डोक्यातून अजून जात नाही ती आरटीओतली एक खिडकी. बेळगावातून निघून खिंडीपर्यंत पोचायला दोन आठवडे लागले, त्या खिडकीने सहा महिने खाल्ले.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, चंदगडच्या शिवेला लागून. बाबांनी २०१२ साली बुलेट घेतली आणि शेवटपर्यंत तिच्यावरूनच डेअरीला दूध घातलं. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचे हूक आहेत, घासून घासून चकचकीत झालेले. लडाखला जायचं आमचं दोघांचं ठरलं होतं. डिसेंबरात बाबा गेले. मग मी ठरवलं, जायचं तर याच गाडीवरून.

गाडी बाबांच्या नावावर होती. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या लेहच्या पुढे तिथले गाडीवाले जाऊ देत नाहीत, म्हणून गाडी घरची आहे हे आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरून, दिसलेलं बरं. शिवाय मालक वारल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची, असा नियमच आहे. वंशवृक्ष काढला, आई आणि बहिणीची संमती घेतली, फेब्रुवारीच्या शेवटी सगळे कागद घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो. मुदतीच्या आत.

बाबांच्या नावात 'क्ष' आहे. आरसीवर तो इंग्रजीतल्या एक्स या एका अक्षराने लिहिलाय, बाबा सही करायचे तसाच. मृत्यूच्या दाखल्यावर कानडीवरून इंग्रजी करताना त्याचा के-एस-एच झाला आणि कानडी उच्चाराप्रमाणे नावाच्या शेवटी एक ए चिकटला. साहेबांनी दोन्ही कागदांवर पेन टेकवलं. "ही दोन वेगळी माणसं आहेत," म्हणाले आणि फाईल परत सरकवली.

पहिल्या खेपेला म्हणाले, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र आणा. नोटरी करून आणलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, पुरावा जोडा. बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला. तो मराठीत. तिसऱ्या खेपेला म्हणाले, याचं कानडी भाषांतर आणा. तेही आणलं. मला कानडी चांगली येते, साहेबांशी मी कानडीतच बोलत होतो, त्यामुळे भाषा येत नाही म्हणून अडलो असं कुणी म्हणू नये. त्यानंतर दोन महिने नुसतं "नाळे बर्री". उद्या या. प्रत्येक वेळी गावातून ४० किलोमीटर जायचं, दूध घालून झाल्यावर निघायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांगेत उभं राहायचं. एकदा आईला घेऊन गेलो. तिला वाटलं, आपण समोर उभं राहिलो तर तरी माणूस ऐकेल. तिने विचारलं, "साहेब, माझ्या मालकांचं नाव मला ठाऊक नसेल का?" साहेब कागदावरून मान वर करेनात. परतताना ती गाडीवर मागे बसून एक शब्द बोलली नाही. तो दिवस मी विसरणार नाही.

वाट दाखवली ती बाहेर झेरॉक्स काढणाऱ्या पोराने. म्हणाला, "अण्णा, प्रतिज्ञापत्राच्या मागं लागू नका, दाखलाच दुरुस्त करून आणा की." मृत्यूच्या दाखल्यातली अशी चूक जन्म-मृत्यू निबंधकाकडे अर्ज करून दुरुस्त करता येते, हे खिडकीतल्या कुणीही पाच महिन्यांत सांगितलं नव्हतं. अर्ज केला, दाखला दुरुस्त होऊन आला, तो दाखवल्यावर काम झालं. उशिराचा दंड मात्र मलाच भरावा लागला. म्हणून सांगतो, घरात कुणी गेलं की दाखला हातात पडल्या पडल्या त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग आधार, आरसी आणि बँकेच्या पासबुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुःखात कुणाला सुचत नाही, पण तेवढं बघाच.

जूनमध्ये निघायचं होतं, निघालो सप्टेंबरात. मनालीचा रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आत परतायचं म्हणून बेळगावहून गाडी गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला पाठवली. पार्सलला टाकताना टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची झेरॉक्स लागते. आरसे काढून पिशवीत ठेवा. मनालीपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. अटल बोगदा ओलांडल्यावर तांदीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरा, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी तिथे पाटीच आहे. मी बाबांच्या हुकांना पेट्रोलचे दोन कॅन अडकवले. ते अगदी मापात बसले.

लेहला दोन दिवस नुसता पडून राहिलो. ते चुकवू नका, उंचीची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच. परमिट अर्ध्या तासात मिळालं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, हे बेळगावातच सांगायला हवं होतं मला कुणीतरी.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर उमलिंग लाच्या वाटेवरच्या हानले गावाच्या पुढे ती धापा टाकते. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणून प्लग काजळतो. फोटी ला खिंडीच्या चढावर गाडी दोनदा बंद पडली. प्लग काढला तर टोक कोळशासारखं काळं. पॉलिश पेपरने घासलं, हवेचा स्क्रू थोडा सैल केला, आणि किक मारल्यावर ती पुन्हा डुगडुगायला लागली. जास्तीचा प्लग आणि पाना सीटखाली ठेवा, सॅकच्या तळाशी नको. बोटं बधिर झाल्यावर सॅक उपसता येत नाही.

हानलेच्या अलीकडे एका चौकीवर जवानाने कागद मागितले. आरसी हातात घेतली, कर्नाटकचं केए पासिंग बघितलं आणि थेट मराठीत म्हणाला, "बेळगाव? माझं ट्रेनिंग मराठा सेंटरला झालं." मग त्याने माझं नाव मोठ्याने वाचलं. त्याखाली वडिलांचं नाव होतं, तेही वाचलं. एक्सने लिहिलेलं, शेवटचा ए नसलेलं.

विम्यावरचं नावही त्याच वेळी बदलून घ्या. माझं तेवढं राहिलं होतं, लेहमधून बहिणीला फोन करून करून घ्यावं लागलं.