डॉक्टरांच्या हातावर पाणी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आपल्या एखाद्या शिक्षकाविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असणार याची मला कल्पना आहे. मी मात्र ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्यांनी आपल्या शाळेत एकही तास घेतला नाही. दिवाळीची सुट्टी संपली की विद्यार्थ्यांची तपासणी करायला येणारे ते पंढरपुरातले एक डॉक्टर होते, आणि आम्ही मुले त्यांना नुसते ‘डॉक्टर’ म्हणत असू.

त्यांच्या घराला लागूनच आमचे बिऱ्हाड होते. सहावीत असताना एक काम माझ्याकडे आले आणि १९७३ साली अकरावीची परीक्षा होईपर्यंत ते माझ्याकडेच राहिले. संध्याकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी परसातल्या दगडावर उभे राहून तांब्याने डॉक्टरांच्या हातावर पाणी घालायचे, एवढेच ते काम. घरात नळ होता. पण मळक्या हाताने उघडलेली तोटी धुतलेल्या हाताने बंद करायची, म्हणजे हात धुतले काय आणि न धुतले काय, असा त्यांचा हिशेब होता. ते बाह्या कोपराच्या वर दुमडत, साबणाची वडी आधी पाण्याखाली धरून तीच धुऊन घेत, मग मनगटे, अंगठ्याची बेचकी, बोटांच्या फटी अशा ठरलेल्या क्रमाने वर-खाली जात, आणि सर्वांत शेवटी एका हाताची नखे दुसऱ्या हाताच्या तळव्यावर खसाखसा घासत. पंचा त्यांना चालत नसे. दोन्ही हात छातीसमोर उभे धरून, कोपरांवरून पाणी ठिबकू देत, दाराला पायाने ढकलून ते दवाखान्यात शिरत, तेव्हा नवखा रोगी त्यांना कुणी शरण आलेला माणूस समजला असता तरी नवल नव्हते.

पैशांना ते सहसा हात लावत नसत. टेबलाच्या कोपऱ्यावर काचेच्या भांड्यात पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे पाणी असे आणि रोग्याने फीची नाणी त्यातच टाकायची असत. त्या पाण्यात रात्रभर राहून नाण्यांवर तपकिरी झाक चढे, त्यामुळे बाजारातला वाणी गल्ल्यात नाणे टाकता टाकता ‘हे डॉक्टरांकडचं’ म्हणून ओळखत असे. नोटा कंपाउंडर चिमट्याने उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवी, आणि डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, लोणच्याच्या फोडींबरोबर त्या डब्यालाही गच्चीवर ऊन दाखवीत. एकदा रोग्यांच्या वहीचे पान उलटताना मी सवयीने बोट जिभेला लावले. डॉक्टर रागावले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी वहीशेजारी बशीत ओला स्पंज आला आणि मला तीन दिवस कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्या लागल्या. पुढे पोटासाठी मी बँकेत नोटा मोजल्या, पण बोट जिभेकडे गेले नाही.

आमच्या आजीला या सगळ्याचे भारी कौतुक होते. ‘एवढं सोवळं आता ब्राह्मणाच्या घरीसुद्धा राहिलं नाही हो,’ असे ती शेजारणींना सांगे. डॉक्टरांच्या कानावर हे गेले तेव्हा ते मनापासून खट्टू झाले. सोवळ्यात माणसाची जात पाहतात; त्यांच्या दवाखान्यात मंदिरातल्या पुजाऱ्यापासून रस्ते झाडणाऱ्या बाईपर्यंत सर्वांना एकच बाक, एकच जांभळे पाणी आणि हात धुण्याचा एकच क्रम होता. उलट सोवळ्याच्या धाबळीइतकी घाण वस्तू घरात दुसरी नसते, कारण ती वर्षानुवर्षे साबणाला शिवत नाही, असे त्यांनी आजीला तोंडावर सांगितले. त्यानंतर काही महिने आजीची दुखणी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली.

विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला लाखो माणसे ज्या गावात येतात, त्या गावात असा माणूस राहत होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. एकामागून एक कपाळे जिथे टेकतात तिथे आपलेही टेकवणे त्यांना शक्यच नव्हते. ते एकादशीला महाद्वारापासून लांब उभे राहून कळसाला हात जोडत, आणि वारकरी परंपरेत कळसाचे दर्शन पावते असे मानतात म्हणून त्यांचे नास्तिकपण गावात सिद्ध होऊ शकले नाही. प्रसादाचा पेच याहून अवघड होता. कुणी चुरमुरे-डाळ्यांची पुडी आणून दिली की ते ती दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि तशीच स्वयंपाकघरात पाठवत. काकू ते चुरमुरे कढईत पुन्हा खरपूस भाजून आणीत, मगच डॉक्टर खात. ‘देवाचा म्हणून टाकवत नाही आणि माणसाच्या हातचा म्हणून खाववत नाही, मग करायचं काय?’ हे त्यांचे त्यावरचे म्हणणे होते.

आषाढीच्या दिवसांत मात्र त्यांच्या भीतीला गावाचाही पाठिंबा असे, कारण पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, वारीत केलेला अनर्थ जुन्या लोकांच्या स्मरणात होता. वारकऱ्यांना पटकीची सुई टोचत. डॉक्टर स्वतःही टोचत, पण त्या लशीचे संरक्षण अर्धेमुर्धे आणि काही महिन्यांपुरतेच असते, खरा बंदोबस्त पाण्याचाच करायला हवा, असे ते बजावून सांगत. रॉबर्ट कॉख यांना १८८४ साली कलकत्त्यात पटकीचे जंतू सापडले ते तळ्याच्या पाण्यात, हे आम्हांला त्यांच्याकडून कळले. वारीच्या आधी ते पेठेतल्या प्रत्येक आडात ब्लीचिंग पावडर पडली की नाही हे पाहायला जात, आणि पाहणे म्हणजे आडाच्या काठावर वाकून वास घेणे.

शाळेच्या तपासणीला येताना ते घरून उकळलेल्या चमच्यांचे फडके घेऊन येत. प्रत्येक मुलाची जीभ दाबायला वेगळा चमचा, त्यामुळे चमचे संपले की तपासणी थांबे आणि शाळेचा शिपाई स्टोव्हवर पुढची खेप उकळत बसे. बरोबर वीस मिनिटे, घड्याळही डॉक्टरांचेच. पाटी थुंकीने पुसणारी मुले त्यांना सर्वांत असह्य होत, म्हणून त्यांनी प्राथमिकच्या वर्गांना ओल्या चिंध्यांच्या डब्या करायला लावल्या. त्या काळी व्हरांड्यात एक माठ आणि साखळीने बांधलेला एकच पेला होता. शंभर मुलांची बोटे त्या माठात बुडताना त्यांनी पाहिली आणि पुढच्या आठवड्यात स्वखर्चाने तोटीचे तांब्याचे पिंप आणून बसवले. आपल्यापैकी अनेक जण त्या पिंपाचे पाणी प्यायले असतील.

आठवीत असताना मी त्यांना एक प्रश्न विचारला. आम्ही सगळे मळलेले हात नंतर धुतो. तुम्ही रोग्याला तपासल्यावर धुता तेव्हा एक तांब्या पुरतो, मग तपासण्याआधी तीन का लागतात? डॉक्टर दगडावर बसले आणि त्यांनी मला व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाईस यांची गोष्ट सांगितली. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी तसेच बाळंतिणींच्या वॉर्डात जात आणि तिथे एप्रिल १८४७ मध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या. सेमेलवाईस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि दोन-तीन महिन्यांत ते प्रमाण दोनाच्या आसपास उतरले. तरीही आपल्या हातांनी माणसे मरतात हे पुष्कळ नामांकित डॉक्टरांना पटले नाही, आणि १८६५ साली सेमेलवाईस वेड्यांच्या इस्पितळात वारले. ‘मला रोग्याची भीती वाटते असं गाव म्हणतं,’ डॉक्टर म्हणाले, ‘मला ह्यांची वाटते,’ आणि त्यांनी आपले ओले हात माझ्यासमोर धरले.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या पेठेचा नळ आठवड्यातून दोनदा येऊ लागला आणि आड तळाला गेला. आता डॉक्टरांचे तीन तांबे कमी होणार, अशी पैज कंपाउंडरने माझ्याशी लावली. तांबे तीनच राहिले. डॉक्टरांनी आंघोळ आठवड्यातून एकदा करायला सुरुवात केली, दाढी वाढवली, आणि धुतलेल्या हाताचे पाणी परातीत धरून ते फरशी पुसायला दिले. कॉलर मळलेला, घामाचा वास येणारा तो माणूस खडी फोडायच्या कामावरच्या मजुरांना तपासायला निघाला की काकूंना लाज वाटे. त्यांनी एकदा माझ्यादेखत तसे म्हटले. ‘अंग माझं आहे गं, हात पेशंटचे आहेत,’ एवढेच ते बोलले.

या स्वभावाची किंमत घरच्यांनी मोजली, हे न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. डॉक्टर कुणाच्या लग्नात पंगतीला बसले नाहीत. लोक दुखावत, आणि समजूत घालायला काकूंना जावे लागे. सुट्टीत नातवंडे येत, ती दिवसभर रस्त्यावर खेळत, म्हणून आजोबांच्या मांडीवर त्यांना बसता येत नसे. धाकटी नात एकदा बक्षीस दाखवायला धावत आली आणि ते दोन पावले मागे सरले. तिचा चेहरा मी पाहिला आहे, आणि तेवढ्यापुरता तरी मला डॉक्टरांचा राग आला होता.

१९७६ साली मला बँकेत नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाकू लागलो तशी त्यांनी ‘पाया नको, पाया नको’ म्हणून खुर्चीखाली पाय ओढून घेतले. मी पुडा पुढे केला. पेढा काही कढईत भाजता येत नाही. ते पुड्याकडे पाहत राहिले, काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. मी पुडा ठेवला, परसात गेलो, काकूंनी हातावर पाणी घातले, आणि बेचकी, फटी, नखे या क्रमाने तीन तांबे संपवून, हात छातीसमोर उभे धरून, दार पायाने ढकलून आत आलो.

‘नखं?’ डॉक्टरांनी विचारले.

मी बोटे पालथी करून दाखवली. त्यांनी ती चष्मा वर करून एकेक पाहिली आणि तोंड उघडले.