एक हात पुस्तकाचा

नायिकेने घर सोडलं ते बरोबर की चूक, यावरून बाहेर कडाक्याची जुंपली होती आणि मी आत कढईपुढे झारा घेऊन उभी होते. एक कान तळणाकडे, एक बाहेर. ‘अगं, पण मुलांचं काय?’ एवढं ऐकू आलं, तेवढ्यात तेल चरचरलं आणि मग सगळे खो खो हसले. कशाला हसले ते मला आजतागायत कळलेलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, ‘ते तेव्हाच्या तेव्हा होतं गं, आता सांगून मजा नाही.’ मी बशा घेऊन बाहेर आले तोवर गाडी पुस्तकावरून कुणाच्या तरी गुडघेदुखीवर गेली होती. पुस्तक दोनदा वाचून, पेन्सिलीने खुणा करून ठेवणारी मी एकटीच, आणि माझंच तोंड उघडायचं राहिलं.

त्या दिवशी कानाला खडा लावला. बुक क्लब आपल्याकडे असेल तेव्हा शेगडी पेटवायची नाही. चहालाही नाही.

आधी मंडळींना हे जरा कोरडंच वाटलं. यजमानाच्या कपाळावर घाम दिसला नाही की पाहुणचार पोचत नाही बहुतेक. पण दोन बैठकांत सगळे रुळले आणि मला खुर्चीत बसून भांडायला मिळू लागलं.

मग लक्षात आलं, की नुसती शेगडी बंद ठेवून भागत नाही. पुस्तकासोबतच्या खाण्याला एक अट असते: एक हात पुस्तकाचा. तो मोकळा हवा, कोरडा हवा आणि वेळ आली तर ‘थांबा, पान काढते’ म्हणत झटक्यात पानं उलटणारा हवा. म्हणजे वाटी-चमचा बाद. दोन्ही हातांनी तोडावं लागेल ते बाद. ज्यावर पिठीसाखर भुरभुरली आहे ते तर दारातूनच परत.

या परीक्षेत पहिला नंबर सँडविचचा, आणि त्याच्या जन्मकथेला ते शोभतंही. अठराव्या शतकात सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू पत्त्यांच्या टेबलावरून उठायला नको म्हणून ब्रेडच्या कापांमध्ये मांस घालून मागवत, अशी गोष्ट सांगतात. त्यांचे चरित्रकार म्हणतात, पत्ते कसले, हा माणूस कामाच्या टेबलावर जेवत असणार. काही असो, १७६२ सालच्या एका रोजनिशीत हा शब्द पदार्थाचं नाव म्हणून आलेला आहे. पत्ते असोत की कागद, हातातलं खाली ठेवायचं नाही ही जिद्द मला फार जवळची वाटते.

त्यातही काकडीचं सँडविच. दिसायला बापुडवाणं, पण करताना घाई केली की सूड उगवतं. काकडीत पाण्याशिवाय फारसं काही नसतंच. तेव्हा पातळ चकत्या करून त्यांना मीठ चोळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं चाळणीत विसरून जायचं. मीठ पाणी बाहेर ओढतं. खालच्या ताटलीत तळं साचलेलं दिसतं. मग चकत्या फडक्यावर टिपून कोरड्या करायच्या. ब्रेडला लोणी लावायचं ते मधोमध पुसटसं नाही, अगदी कडेपर्यंत, लिंपल्यासारखं. लोणी तिथे चवीला आहेच, पण त्याचं खरं काम पावसाळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कापडाचं: काकडीचं उरलंसुरलं पाणी ब्रेडपर्यंत पोचू द्यायचं नाही. मी एकदा लोण्यात कंजुषी केली होती. चर्चा रंगेपर्यंत ब्रेडचा लगदा झाला आणि एका सदस्याच्या सँडविचमधली काकडी सरळ प्रकरण सातवर उतरली.

तेलकट पदार्थांचं दुखणं वेगळं. कागद पांढरा दिसतो तो त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. उजेड तिथे ठेचकाळत परततो. तेल त्या फटींमध्ये शिरून हवेची जागा घेतं आणि उजेड आरपार जाऊ लागतो. म्हणून तेलाच्या बोटाचा डाग नुसता डाग राहत नाही, त्याची खिडकी होते. मागच्या पानावरची अक्षरं त्यातून उलटी डोकावतात. पाणी निदान वाळतं. तेल मुक्कामाला येतं.

कुरकुरीत पदार्थांबद्दल माझं मत गटात कुणालाच पटत नाही, तरी सांगते. कुणी आवडता परिच्छेद मोठ्याने वाचत असताना, नेमक्या ‘आणि मग ती थांबली’ या वाक्यावर, शेजारून बटाट्याच्या वेफर्सचा कडाका. सगळे थांबतात, ती सोडून. तेव्हापासून माझ्याकडे मऊ पक्ष सत्तेवर आहे. बिया काढून आत अक्रोडाचा तुकडा दडवलेले खजूर, चीजचे चौकोनी तुकडे, द्राक्षं. खजूर चिकटतात, म्हणून त्यांना टूथपिक टोचलेली. द्राक्षं आदल्या रात्री फ्रीझरमध्ये टाकली की दाताखाली थेट बर्फाच्या गोळीसारखी लागतात. शेंगदाणे, अक्रोड, बदाम कुणाला सोसत नाहीत का, हे मात्र आधी विचारते आणि ती बशी वेगळी ठेवते. चर्चेत कुणाचा श्वास अडकलाच तर तो पुस्तकामुळे अडकावा.

सफरचंद मी शेवटच्या क्षणापर्यंत चिरत नाही. चिरलं, की आतल्या एका विकराची (एन्झाइमची) हवेशी गाठ पडते आणि फोडी तांबूस व्हायला लागतात. लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढल्या तर आंबटपणापुढे त्या विकराचं फारसं चालत नाही. बुडवून खायला चक्का: दही फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगलेलं, त्यात मीठ, मिरपूड, वाटलेला लसूण, पुदिना. गाजराच्या लांब कांड्या त्यात उभ्या करायच्या. आता म्हणाल, गाजर काय मऊ आहे का? नाही. पण प्रत्येक सत्तेला थोडा विरोधी पक्ष लागतो.

चक्क्याच्या मी दोन छोट्या वाट्या करते. दुधादह्याचं काही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि आमची बैठक दोन तासांत संपल्याचं मला आठवत नाही. पहिली वाटी उचलायची, फ्रीजमधली दुसरी मांडायची. बरं, न पेटवता करायचं म्हणजे कच्चं करायचं असं नव्हे. एकदा एकजण उत्साहाने म्हणाली, राजमा नुसता भिजवून वाटला तर? बाई गं, कच्च्या राजम्यात पोट उलटवणारं विष असतं, तो धडधडा उकळावाच लागतो. डब्यातला शिजवलेला घे, नाहीतर पुढचं पुस्तक दवाखान्यात वाचू.

पेयांत माझा भरवसा लिंबाच्या सरबतावर. पण गार पाण्यात साखर घालून चमचा फिरवत बसलं तर ती तळाशी ठाण मांडते. म्हणून आधी लिंबाचा रस आणि साध्या पाण्यातच साखर पूर्ण विरघळवायची, बर्फाचं काम मागून. आणि बर्फाआधी चाखताना सरबत किंचित जास्त गोड लागायला हवं, कारण गारव्यात जिभेला गोडी कमी कळते, शिवाय बर्फ वितळून पातळ करतो तो वेगळाच.

कॉफीवाल्यांसाठी रात्रीच सोय करते. एक भाग जाडसर दळलेली पूड, वजनाने आठ भाग गार पाणी, झाकण लावून बारा-चौदा तास फ्रीजमध्ये, सकाळी गाळायची. गार पाणी कडूपणा कमी ओढतं, त्यामुळे ही कॉफी स्वभावाने जरा सौम्य निघते. फ्रीजमध्ये ती मुरत असते आणि बाहेर मी उरलेली शंभर पानं संपवत असते. दोघींनाही साधारण तेवढाच वेळ लागतो. गार पेल्यांना मात्र घाम फुटतो. हवेतली वाफ काचेवर जमते, ओघळते आणि जवळचं सपाट, कोरडं असं जे सापडेल त्यावर गोल शिक्का उठवते. ते सपाट नेहमी कुणाच्या तरी पुस्तकाचं मुखपृष्ठच का असतं, कोण जाणे. आता पेले वेगळ्या टेबलावर असतात. प्यायचं असेल तर उठा.

हे सगळं इतकं नीट बसलंय, की गटातली पुस्तकं हल्ली अगदी कोरी करकरीत परत येतात. आणि इथेच माझी पंचाईत झाली आहे. आमच्यात एक गृहस्थ आहेत, प्रत्येक पुस्तकावर घसा खरवडून बोलणारे. पूर्वी त्यांच्याकडून पुस्तक परत आलं की मी गुपचूप पानं उजेडाकडे धरून बघायचे. एकविसाव्या पानावर अंगठा, पस्तिसाव्यावर दोन बोटं, अठ्ठेचाळिसाव्यावर पुसटशी एक खिडकी, आणि पुढे शेवटपर्यंत स्वच्छ पांढरं. परवा ते शेवटच्या प्रकरणाबद्दल तब्बल वीस मिनिटं बोलले. मी खुर्चीत बसून, हातात काकडीचं सँडविच धरून, एकेक शब्द ऐकला. सगळे गेल्यावर त्यांनी परत केलेली प्रत दिव्यापुढे धरली.

एकही डाग नाही.