पंधराची पाऊणकी

वेळापत्रक मीच केलं होतं. सहावी ते आठवीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण, रत्नागिरीजवळची एक शाळा, पहिला दिवस: 'सकाळी १०.३०, खडकाळ किनाऱ्याचं निरीक्षण'. मी मिरजेचा. चहा-नाश्ता उरकला की समुद्रावर जायचं, एवढीच माझी अक्कल.

चाळीस जण खाली उतरलो तर खडकच नाहीत. पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. मागून एक मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, आज पुनव ना? पंधराची पाऊणकी सव्वा अकरा. भरती आत्ताच भरणार."

त्यांचे वडील मच्छीमार. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, हे त्यांना लहानपणापासून पाठ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मी विचारलं, "वर्गात सांगता का हे?"

"नाही हो. पुस्तकात दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं दिलीत, तेच सांगते."

ओशाळून सगळ्यांना सावलीत बसवलं. लातूरकडच्या एका सरांनी नेहमीचा प्रश्न काढला: चंद्र पाणी ओढतो, मग पलीकडच्या बाजूला भरती कशी? तिघांना एका रेषेत उभं केलं. चंद्राजवळचं पाणी, मधे पृथ्वी, पलीकडचं पाणी. जवळच्याने चंद्राकडे तीन पावलं टाकायची, मधल्याने दोन, लांबच्याने एक, कारण ओढ अंतराने कमी होत जाते. मधल्याच्या दोन्ही बाजूंना अंतर वाढलं. सर म्हणाले, "म्हणजे पाणी मागं राहतंय!" एवढं कळलं तरी पुष्कळ.

ओहोटीला, पाचच्या सुमाराला, खडक उघडे पडले. कालवं कुठवर चिकटलीत ते सगळ्यांनी वाकून पाहिलं. पण डोकी अडकली होती पाऊणकीत. गणिताच्या एका मॅडमनी वाळूवरच हिशोब मांडला. आज सव्वा अकरा, उद्या वद्य प्रतिपदा, म्हणजे एकाची पाऊणकी, पाऊण वाजता. एका दिवसात दीड तास? चंद्र तर रोज सरासरी ५० मिनिटंच उशिरा येतो.

मला उत्तर येत नव्हतं. त्यांनीच काढलं. महिन्यात तिथी ३०, तेवढ्यात भरतीची वेळ २४ तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणकी धरते ४५. तीन-तीन मिनिटं साचून पंधरवड्यात पाऊण तास होतो आणि तो प्रतिपदेला एकदम भरून निघतो.

दुसऱ्या दिवशीचं सकाळचं सत्र मी रद्द केलं. काठी रोवून पाण्याच्या खुणा करत बसलो. बाराला पाच-दहा मिनिटं असताना पाणी चढायचं थांबलं.

मच्छीमारांच्या लेकीने तिथूनच वडिलांना फोन लावला. फोन ठेवला आणि हसायला लागल्या. "बाबा म्हणतात, पाडव्याला पाऊणकी लावतंय कोण? पाणी बघायचं आणि निघायचं."