नमुना पास झाला

अन्न विश्लेषकाचा अहवाल आला आणि व्हिटॅमिन कॅप्सूलचा नमुना पास निघाला. लेबलवर छापलेलं जीवनसत्त्व ड तेवढंच, ब-12 तेवढंच, क तेवढंच. आमच्या अन्न व औषध प्रशासनात नमुना पास म्हणजे फाइल कपाटात, अशी रीतच आहे. दूध, खवा, खाद्यतेल यांत उमेदवारी केलेल्या माणसाला खोटं शोधायचं म्हटलं की प्रयोगशाळाच आठवते. टेबलावर फाइल ठेवताना सहकारी म्हणाला, "सुटलात मॅडम." मला काही सुटल्यासारखं वाटेना.

तक्रार पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाची होती. वडील गावी, शुगर जुनी. कॅप्सूल सुरू केल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या, शुगर चारशेच्या वर गेली, दवाखान्यात भरती करावं लागलं. बाटल्यांचे पैसे मुलानंच फोनवरून पाठवले होते. व्हिटॅमिनच तर आहे, घेऊ देत, म्हणून. वडील जबाब द्यायला तयार होईनात. "माझी काय तक्रार न्हाई. ताईंनी चांगल्या मनानं दिल्यात."

ताई म्हणजे शिवणक्लास चालवणाऱ्या बाई. पुढच्या खोलीत मशिनी, भिंतीला काचेचं कपाट, त्यात बाटल्या. अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. मी ओळखपत्र दाखवलं, तरी त्यांनी आधी माझ्या केसांकडे बघून विचारलं, "मॅडम, गळतात का हो?"

नमुना घेणं म्हणजे चार बाटल्या पिशवीत टाकणं, असं लोकांना वाटतं. चारही सीलबंद आणि एकाच बॅचच्या लागतात. एक विश्लेषकाकडे जाते, दोन आमच्या वरच्या पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे राहतात, आणि विक्रेत्यानं मागितलं तर चौथी मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत. ताईंच्या कपाटात सगळ्या बॅचची सरमिसळ. शेवटी पलंगाखालच्या खोक्यातून चार जुळल्या. मग जाड कागदात गुंडाळा, कोड असलेली चिठ्ठी वरपासून खालपर्यंत डकवा, दोरा बांधा, लाख वितळवा. मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा बंद, आणि क्लासच्या बायका पदरानं वारा घेत बघतायत. पंच व्हायला त्यातली एकही पुढे येईना. साक्ष म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाचं दूध उतू जात असतं. नमुन्याची किंमत आम्हाला बाजारभावानं मोजावी लागते. ताई म्हणाल्या, "तुम्हाला मेंबर रेट लावू का?" एक बाई तर म्हणाली, "आधी माझी बाटली तेवढी द्या, मग चालू द्या तुमचं."

लेबल मात्र कुणीतरी नियम समोर ठेवून केलेलं होतं. 'हेल्थ सप्लिमेंट' आहे, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' आहे, चौदा आकडी परवाना क्रमांक आहे. मात्रा आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मर्यादेत. प्रौढ माणसाला दिवसाला ड जीवनसत्त्व 600 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) पुरतं, बाटलीतही त्याच्या आतच. हे सगळं इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. कायद्याला इंग्रजी किंवा हिंदी चालतं. आणि बाटलीबरोबर मिळणारं पत्रक ठसठशीत मराठीत: शुगर मुळापासून जाते, गोळ्या सोडा, गुडघे बदलू नका. त्या गावात वाचलं जाणार होतं ते हेच. पत्रकावर कंपनीचं नाव नाही, छापखान्याचं नाही. गठ्ठा जप्त केला.

अहवालानंतर फाइल औषध शाखेकडे पाठवून बघितली. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायची नाही त्यांच्या यादीत, 1954च्या जादूटोणासदृश उपाय जाहिरात कायद्यात, मधुमेह नावानिशी आहे, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. उत्तर आलं: उत्पादनावर अन्नाचा परवाना आहे, आपल्या स्तरावर कार्यवाही व्हावी. रोग बरा करतो म्हणून विकलं तर ते अन्न कसलं, हा प्रश्न मी टिपणीत लिहिला. त्यावर कुणी काही लिहिलं नाही.

मग उरला आमचा 2006चा अन्न सुरक्षा कायदा. तो लिहिणाऱ्यांना मी मानते. जाहिरातीच्या व्याख्येत त्यांनी प्रकाश, ध्वनी, धूर, वायू, इंटरनेट, बिलाचा कागद, सगळं घेतलंय. कलम 53 प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणारा आणि त्यात सहभागी असणारा, दोघांनाही दहा लाखांपर्यंत दंड. त्याचंच दुसरं पोटकलम सांगतं की घटकांची माहिती खरी दिली म्हणून दोष टळत नाही. नमुना पास झाल्यावर वाचायचं पोटकलम हेच, आणि आमच्याकडे ते फार कमी जणांनी वाचलंय.

कंपनीचं उत्तर वकिलामार्फत आलं. पत्रक आमचं नाही. विक्रेत्या स्वतंत्र आहेत. रोगाबद्दल बोलायचं नाही असं त्यांच्या करारातच आहे. करार इंग्रजीत, ताईंची सही मराठीत.

ताईंनी स्वतःहून फोन माझ्यापुढे ठेवला. माणसाला माणूस जोडून माल विकायच्या साखळीत त्यांच्या वर असलेल्या 'लीडर'नं ग्रुपवर पाठवलेली पत्रकाची पीडीएफ, खाली सूचना: जवळच्या प्रेसमधून हजार काढून घ्या. छपाईचा खर्चही ताईंचाच. कंपनीपर्यंत पोचणारा धागा तेवढाच. त्यावर वकिलाचा आक्षेप असा की फोनमधल्या पुराव्याला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र हवं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, हवी, तज्ज्ञाची सही हवी. आमच्या कार्यालयात एक संगणक आणि त्यावर बसणारी तीन माणसं. तज्ज्ञ कुठून आणू? सायबर शाखेला पत्र दिलंय, स्मरणपत्रही दिलंय.

दंडापुरतं प्रकरण असल्यानं ते कोर्टात न जाता न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे जाईल. कलम 49 प्रमाणे दंड ठरवताना कोणाला किती फायदा झाला, कोणाचं नुकसान झालं, आणि कृत्य नकळत झालं का, हे बघायचं असतं. म्हणून प्रस्तावात मी लिहिलं की विक्रेत्या स्वतः आणि त्यांची आई याच कॅप्सूल घेतात, आणि पुरावा त्यांनी आपणहून दिला. वरिष्ठांनी पेन्सिलीनं त्यावर गोल केला: "आपण त्यांचे वकील आहोत का?" ताईंमुळे एक माणूस दवाखान्यात गेला, हे मलाही विसरता येत नाही. तरीही वाक्य तसंच ठेवून प्रस्ताव परत वर पाठवलाय. कंपनीचं नाव पहिल्या क्रमांकावर, ताईंचं दुसऱ्या.