मधून जाऊ नका: जॉर्जियाच्या 2021 च्या डिफेन्सविरुद्धची आखणी

2021 च्या हंगामात जॉर्जिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने नियमित 12 सामन्यांत मिळून फक्त 83 गुण दिले. सामन्यामागे सातही नाहीत. पुढच्या एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीच्या, पहिल्याच फेरीत या डिफेन्समधले पाच जण उचलले गेले: ट्रॅव्हॉन वॉकर पहिल्या क्रमांकावर, मग जॉर्डन डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्होन्टे वायट आणि लुईस सीन. तरीही 4 डिसेंबर 2021 ला अटलांटात, एसईसीच्या (दोघांच्या कॉलेज गटाच्या) अजिंक्यपद सामन्यात, अलाबामा विद्यापीठाने त्यांच्यावर 41 गुण चढवले. त्यातले सात अलाबामाच्या डिफेन्सने इंटरसेप्शन, म्हणजे मधेच पळवलेला पास, परतवून केले होते, म्हणजे ऑफेन्सच्या वाट्याचे 34. अलाबामाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, ब्राइस यंगने 421 यार्ड फेकले आणि तो एकदाही सॅक झाला नाही, म्हणजे चेंडू हातात असताना पाडला गेला नाही. पाच आठवड्यांनी इंडियानापोलिसला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात तेच दोन संघ भिडले आणि जॉर्जियाने 33-18 ने हिशेब चुकता केला. अशा डिफेन्सविरुद्ध काय चालतं आणि काय चालत नाही, हे या दोन सामन्यांइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आणि शनिवारी मित्रांच्या नादाने स्टेडियमात बसणाऱ्यांसाठी एवढंच: चार प्रयत्नांत (प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन) 10 यार्ड पुढे जायचं, गेलात की पुन्हा चार प्रयत्न. टचडाउनचे सहा गुण, फील्ड गोलचे तीन.

चिवटपणे चार-चार यार्ड काढत मैदान चढायचं आणि घड्याळ खायचं, हा सल्ला प्रत्येक मोठ्या सामन्याआधी कुणीतरी देतोच. दुबळ्या डिफेन्ससमोर तो बरोबर आहे. जॉर्जियासमोर गणितच जुळत नाही. समजा तुमची प्रत्येक खेळी वाया न जाण्याची शक्यता 90 टक्के आहे, म्हणजे सॅक नाही, पेनल्टी नाही, मागे ढकलले जाणं नाही. अशा दहा खेळ्या ओळीने नीट पार पडण्याची शक्यता होते सुमारे 35 टक्के. समोरचे जबर असले आणि तोच आकडा 85 वर आला, की दहा खेळ्यांची शक्यता 20 टक्क्यांवर घसरते. दहा खेळ्यांचा ड्राइव्ह, म्हणजे सलग चढाई, हा अशा संघासमोरचा जुगार आहे. 50 यार्डांचा पास त्यामानाने सुरक्षित. म्हणून आखणीची सुरुवात एका प्रश्नाने करायची: 20 यार्डांहून मोठ्या सहा-सात खेळ्या आपल्याला कुठून मिळतील? बाकी सगळं त्या खेळ्यांना जागा करून देण्यासाठी.

आधी फिल्म. इथे पहिला घोळ होतो. जबर डिफेन्सची फिल्म फसवी असते, कारण तो संघ बहुतेक वेळ मोठ्या आघाडीवर असतो. समोरचा हताश होऊन पास करत असतो आणि चौथ्या क्वार्टरमध्ये राखीव खेळाडू उतरलेले असतात. म्हणून 21 गुणांच्या पुढच्या आघाडीतले स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू झालेल्या खेळ्या) बाजूला काढा. उरलेल्यांची विभागणी डाउन, अंतर, मैदानातली जागा आणि आपल्या खेळाडूंची रचना यांनुसार करा. चार सामने चाळून लांबच्या थर्ड डाउनचे पंचवीस-तीस स्नॅप हाती लागतात. त्यातल्या एखाद्या गटात पाचपैकी तीनदा ब्लिट्झ आला, म्हणजे जादा माणसं क्वार्टरबॅकवर धावून आली, म्हणून त्याला सवय समजू नका. मुळात शोधायची असते ती त्यांची अडचण: कोणत्या रचनेसमोर त्यांना हातवारे करून जागा बदलाव्या लागतात, कोण कोणाकडे बघून ओरडतो, स्नॅप होताना कोण अजून चालत असतो.

आता त्यांचं घर कसं बांधलंय ते पाहू. ऑफेन्सच्या लाइनमध्ये मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्यापलीकडे टॅकल. त्यांच्यासमोर जॉर्जियाचा प्रशिक्षक किर्बी स्मार्टच्या संघाची आवडती रचना अशी: सेंटरच्या डोक्यावर एक नोज टॅकल (थोडक्यात नोज) आणि ऑफेन्सच्या दोन्ही टॅकलच्या आतल्या खांद्यावर एकेक लाइनमन. त्यामुळे गार्ड आणि टॅकलमधल्या दोन्ही फटी आपोआप बुजतात. नोजला डेव्हिस, सुमारे 340 पौंडांचा, म्हणजे 154 किलो. आणि या देहाने ड्राफ्टआधीच्या चाचणीत 40 यार्ड 4.78 सेकंदांत कापले. त्याला दोघांनी धरलं, तर मागचा लाइनबॅकर नाकोबी डीन मोकळा सुटतो. एकानेच धरलं, तर तो एक मागे ढकलत नेला जातो. खरी मेख पुढे आहे: मधली धाव ते सहा माणसांत थांबवतात, त्यामुळे दोन्ही सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, खोलवर राहू शकतात. इतरांना धाव अडवायची तर एक सेफ्टी खाली आणावा लागतो आणि मागे भगदाड पडतं. जॉर्जियाला ही किंमत मोजावीच लागत नव्हती.

म्हणून पहिल्या डाउनला मधून धाव घेऊन ‘त्यांना कळू दे आपण घाबरत नाही’ असं करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मिळतात एक-दोन यार्ड आणि पुढचा डाउन लांबचा होऊन बसतो. पहिल्या डाउनला पास करा, किंवा धाव कडेने न्या. टाइट एंडने (लाइनच्या टोकाला उभा राहणारा, ब्लॉकही करणारा रिसीव्हर) आत ब्लॉक करायचा, टॅकल किंवा गार्डने बाहेर वळून पुढे धावायचं, असली धाव या रचनेला जरा टोचते, कारण त्यांची वजनदार माणसं आत दाटीने उभी असतात. पण मोठ्या लाभाची अपेक्षा नको. डीन आणि क्वे वॉकर कडेपर्यंत पोहोचतात. या धावांचं काम लाइनबॅकरना आडवं पळवणं आणि नोजला दमवणं एवढंच. जिथून खेळी सुरू होते त्या रेषेमागे झेलायचे छोटे स्क्रीन पासही त्याच कामाचे. कॉलेजच्या नियमात चेंडू रेषेवर किंवा मागे झेलला तर इतर रिसीव्हर आधीपासून पुढे ब्लॉक करू शकतात, त्याचा फायदा घ्या.

आरपीओचं, म्हणजे धाव की पास हे क्वार्टरबॅकने एका बचावपटूकडे बघून ठरवायचं, कौतुक फार होतं. कॉलेजात लाइनमनना पास सुटेपर्यंत तीन यार्ड पुढे जायची मुभा असते, एनएफएलमध्ये एकच यार्ड; म्हणून हे इथे एवढं फोफावलं. पण चांगला लाइनमन समोर असला की आपला गार्ड त्याच्याशी झटत तीनाच्या पुढे जातो, नाहीतर मागे फेकला जाऊन क्वार्टरबॅकच्या पायात येतो. चेंडू दीड सेकंदात सुटत नसेल तर ती खेळी यादीतून काढा.

पाससाठी मैदानाची भूमिती वापरा. कॉलेजच्या मैदानात हॅश, म्हणजे चेंडू ठेवण्याच्या खुणांच्या दोन ओळी, एकमेकींपासून 40 फूट अंतरावर असतात. चेंडू एका हॅशवर असला, की जवळची कड 60 फुटांवर आणि लांबची 100 फुटांवर. लांबच्या बाजूला कडेकडे फेकलेला पास हवेत फार वेळ राहतो. तिथेच कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, आडवा येऊन चेंडू पळवतो. त्या बाजूला स्लॉटमधला (लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेतला) वेगवान खेळाडू आडवा किंवा तिरपा पळवावा. जवळच्या बाजूला सगळ्यात भरवशाचा रिसीव्हर एकटा ठेवावा. तीन रिसीव्हर लांबच्या बाजूला लावले की सेफ्टी तिकडे ओढले जातात, आणि इकडे एकास एक सामना उरतो.

एक खेळी जवळून बघण्यासारखी आहे. जॉर्जियाचं कव्हरेज, म्हणजे रिसीव्हर राखण्याची पद्धत, बघून-जुळवून घेण्याचं असतं: सेफ्टी 10-12 यार्डांवर उभा राहून स्लॉटमधल्या रिसीव्हरचं वागणं वाचतो. तो सरळ खोल गेला तर सेफ्टीचा. बाहेर वळला तर सेफ्टी कडेच्या रिसीव्हरला मदत करतो. आता स्लॉटला 12-14 यार्ड सरळ पळवून एकदम आत वळवा. बाहेरच्या रिसीव्हरला त्याच्या मागून गोलपोस्टच्या दिशेने पाठवा. कॉर्नरबॅक बाहेरच्या बाजूने राखतो, आत सेफ्टी आहे या भरवशावर. सेफ्टी मात्र स्लॉटच्या वळणावर उभा राहिला की आतली बाजू मोकळी. क्वार्टरबॅकने फक्त त्या सेफ्टीचे पाय बघायचे: पुढे आला तर मागे फेका, मागे हटला तर आत वळलेल्याला द्या. हे फसतं दोन कारणांनी. स्लॉट घाईने 9-10 यार्डांवरच वळतो, मग सेफ्टीला परत फिरायला वेळ मिळतो. किंवा बाहेरचा रिसीव्हर फार आडवा कापतो आणि दुसऱ्या सेफ्टीच्या मांडीवर जाऊन बसतो. सरावात वळणाच्या जागी मैदानावर शंकू ठेवावा. डोळ्यांच्या अंदाजावर सोडलं की सामन्याच्या घाईत प्रत्येक जण दोन यार्ड आधीच वळतो.

ही खेळी पिकायला तीन सेकंद लागतात, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. यंग आधीच्याच आठवड्यात ऑबर्नविरुद्ध सात वेळा सॅक झाला होता. जॉर्जियाचा रश, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणं, आणखी लबाड: पाच-सहा जण रेषेवर येऊन उभे राहतात, स्नॅपनंतर येतात चारच, पण नेहमीचे चार नव्हेत. एका बाजूने लाइनबॅकर घुसतो, दुसऱ्या बाजूचा लाइनमन मागे हटून पासच्या वाटेत उभा राहतो. आपली लाइन चुकीच्या बाजूला सरकली की एकीकडे तिघे जण एकालाही न अडवता उभे आणि दुसरीकडे आपल्या दोघांसमोर त्यांचे तिघे, म्हणजे एक मोकळा. यावर ठाम नियम हवा: सेंटर धरून एका बाजूचे तिघे जागा राखतील, दुसरे दोघे माणूस धरतील, आणि रनिंग बॅक (मागे उभा असलेला, चेंडू घेऊन धावणारा) त्या दोघांच्या बाजूचा लाइनबॅकर बघेल; तो आला नाही तरच बॅक पास घ्यायला सुटेल. रनिंग बॅकने जाता जाता कडेच्या रशरला खांदा मारून जावं. खोल फेकीसाठी सात जण अडवायला ठेवा आणि तीनच रिसीव्हर पाठवा. सातांच्या पहाऱ्यात तिघं काय करणार, असं वाटतं. पण त्यांत एक अलाबामाच्या जेमसन विल्यम्ससारखा असेल तर पुष्कळ करतात. अटलांटात त्याने 7 झेलांत 184 यार्ड केले, त्यात 67 आणि 55 यार्डांचे दोन टचडाउन.

मग टेम्पो, म्हणजे खेळ्यांमध्ये न थांबता घाईने खेळणं. डेव्हिससारखा वजनदार खेळाडू सलग खेळण्यासाठी नसतोच. त्याला आलटूनपालटून उतरवतात. नियम असा की ऑफेन्सने खेळाडू बदलला तर पंच डिफेन्सलाही बदलायला वेळ देतात, आणि न बदलला तर देत नाहीत. म्हणून फर्स्ट डाउन मिळताच त्याच अकरा जणांनी पळत जाऊन स्नॅप करायचा. त्यासाठी टाइट एंड असा हवा, जो या खेळीत लाइनला चिकटून ब्लॉक करेल आणि पुढच्या खेळीत रिसीव्हर म्हणून बाहेर जाऊन उभा राहील. 2021 मध्ये कॉलेजात हेल्मेटमधला रेडिओ नव्हता, तो वरच्या विभागात 2024 ला आला. सगळं साइडलाइनवरच्या खुणांवर. त्यामुळे घाईच्या खेळ्या चार-पाचच ठेवायच्या, एका शब्दात सांगता येतील अशा. नाक दाबलं की तोंड उघडतं: दमलेला नोज तिसऱ्या स्नॅपला सरळ उभा राहूनच भिडतो, आणि तेव्हा मधली धावही चालते. मात्र ड्राइव्हच्या पहिल्याच खेळीपासून टेम्पो नको. तीन खेळ्या फुकट गेल्या की मिनिटभरात आपलाच डिफेन्स पुन्हा मैदानात, श्वासही न घेता.

सरावाची एक अडचण कुठल्याही फळ्यावर दिसत नाही. प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या राखीव संघात 154 किलोचा चपळ माणूस नसतो. त्यामुळे मंगळवारी प्रत्येक ब्लॉक सुरेख बसतो आणि शनिवारी एकही नाही. नोजच्या जागी दोघांना उभं करा, किंवा दररोज दहा-बारा स्नॅप आपल्या पहिल्या फळीच्या डिफेन्सशी खेळा. एनसीएएची मर्यादा आठवड्याला 20 तासांची आहे, त्यात फिल्मही आली. म्हणून नव्या खेळ्यांचा मोह आवरा. सामन्यात 65-75 स्नॅप मिळतात. पहिल्या पंधराची यादी आधी ठरवावी, आणि तीही गुण करण्यापेक्षा माहिती काढण्यासाठी: मोशनमागे (स्नॅपआधी आडव्या पळणाऱ्या आपल्या खेळाडूमागे) कोण पळतं, तीन रिसीव्हर लावल्यावर सेफ्टी कुठे सरकतो, क्वार्टरबॅकशेजारी कुणीच ठेवलं नाही तर काय उत्तर येतं. वरच्या बूथमधल्या माणसाने ते जागच्या जागी टिपून ठेवावं.

रेड झोनमध्ये, म्हणजे शेवटच्या 20 यार्डांत, यातलं बरंच काही चालेनासं होतं, कारण मागे जागाच नसते आणि सेफ्टीला खोल जाण्याची भीती उरत नाही. इंडियानापोलिसमध्ये तेच झालं. अलाबामाचा दुसरा रिसीव्हर जॉन मेची अटलांटातच गुडघ्याने गेला होता; दुसऱ्या क्वार्टरमध्ये 40 यार्डांचा झेल घेताना विल्यम्सचाही गुडघा गेला. यंगने 57 वेळा फेकून 369 यार्ड काढले, पण चार वेळा सॅक झाला, दोन इंटरसेप्शन दिले, आणि अलाबामाचा टचडाउन एकच. बाकी चार फील्ड गोल. पाचवा जॉर्जियाच्या जेलन कार्टरने अडवला. धावेचे यार्ड, सॅक धरून, जेमतेम 30. कॉलेजात सॅकचे यार्ड धावेतून वजा होतात, हे लक्षात ठेवूनही तो आकडा दयनीयच.

अशा डिफेन्ससमोर रेड झोनसाठी क्वार्टरबॅकच्या धावा वेगळ्या राखून ठेवाव्या लागतात, कारण तो पळाला की रनिंग बॅक ब्लॉक करायला मोकळा होतो आणि संख्या बरोबरीची होते. एकमेकांना खेटून उभ्या केलेल्या रिसीव्हरांचे मार्गही इथे कामाचे. फोर्थ डाउनचा तक्ता शुक्रवारीच भरावा: त्यांच्या 40 यार्डांच्या आत दोन किंवा कमी यार्ड हवे असतील तर खेळायचं, आणि तो निर्णय डाउनच्या आधी खेळाडूंना माहीत असावा, म्हणजे थर्ड डाउनला धाव घेता येते. कॉल शीटवर, म्हणजे सामन्यासाठीच्या खेळ्यांच्या यादीवर, प्रत्येक खोल खेळीपुढे दोन नावं लिहावी: ती कोणासाठी आहे, आणि तो बाहेर गेला तर कोण. दुसऱ्या रकान्यात त्या वेगाचा माणूस नसेल, तर ती खेळी त्याच्या दुखापतीबरोबरच शीटवरून खोडायची आणि तिच्या जागी काय येणार ते आधीच शेजारी लिहून ठेवायचं.