व्हॉडव्हिलचा खेळ: नऊ आयटम आणि पाच फुटांचा रंगमंच

व्हॉडव्हिल, म्हणजे गाणी, विनोद, कसरती असे सुटे आयटम एकापाठोपाठ दाखवणारा अमेरिकी रंगमंचावरचा खेळ, म्हटलं की जादूगार हूदिनी, विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स, आईवडिलांच्या आयटममध्ये भिरकावला जाणारा, पुढे मूकपटांत गाजलेला छोटा बस्टर कीटन अशी नावं पुढे येतात. माझ्या मते मात्र या धंद्यातलं खरं कसब आयटमांचा क्रम लावणाऱ्या माणसाच्या हातात होतं. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले आठ-नऊ आयटम, बहुतेक ठिकाणी दर सोमवारी नवा संच, आणि रंगमंच मध्ये मिनिटभरही रिकामा दिसता कामा नये. १९१०च्या आसपास न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, टोरांटोमध्ये हे आठवड्यामागून आठवडे चालायचं. ते कसं जमायचं हे कळायला आधी रंगमंचाची पुढून मागेपर्यंतची खोली समजून घ्यावी लागते.

ही खोली पट्ट्यांत मोजली जायची. दर्शनी कमानीच्या लगेच आतली पाच-सहा फुटांची पहिली पट्टी म्हणजे ‘वन’. तिच्या मागे पडदा सोडलेला असायचा, बहुधा रस्ता रंगवलेला. तेवढीच आणखी एक पट्टी मागे घेतली की ‘टू’, मग ‘थ्री’, आणि मागच्या भिंतीपर्यंत सगळं मोकळं केलं की ‘फुल स्टेज’. गाणारी जोडी किंवा एकटा विनोदी नट यांचं ‘वन’मध्ये भागायचं. झुल्यावरच्या कसरती, शिकवलेले प्राणी, दिवाणखान्यात घडणारी छोटी नाटिका यांना फुल स्टेज लागायचं. आपल्या जुन्या संगीत नाटकांत रस्त्याच्या पडद्यापुढे दोन पात्रं बोलत असताना मागे महाल उभा राहायचा, तीच ही युक्ती. इथे पुढच्या पात्रांचा आणि मागच्या महालाचा कथेचा संबंध नव्हता, एवढाच फरक.

यातूनच पहिला नियम निघाला: फुल स्टेजचे दोन आयटम लागोपाठ ठेवायचे नाहीत. मध्ये ‘वन’चा बारा-पंधरा मिनिटांचा आयटम हवा, म्हणजे पडद्याआड एक सेट काढून दुसरा लावता येतो. अगदीच नाइलाज असेल तर पहिल्या आयटमने शेवटचं गाणं पुढे येऊन, रस्त्याच्या पडद्यापुढे म्हणायचं. १९०५ साली सुरू झालेल्या ‘व्हरायटी’ साप्ताहिकात नव्या आयटमचं परीक्षण यायचं तेव्हा नावाखाली प्रकार, मिनिटं आणि रंगमंचाची खोली आधी छापलेली असायची. ‘गाणी, १४ मिनिटं, वन’ एवढ्यावरून बुकिंग करणाऱ्याला कळायचं की हा आयटम कुठे बसेल. उत्तम आयटमही केवळ फुल स्टेज मागतो म्हणून मागे राहायचा, आणि मध्यम दर्जाची जोडी ‘वन’मध्ये नीट उभी राहते म्हणून वर्षभर कामात असायची.

मोठ्या थिएटरांतला, म्हणजे दिवसाला दोनच खेळ करणाऱ्या ‘बिग टाइम’मधला नऊ आयटमांचा क्रम साधारण असा असायचा. पहिला आयटम बिनशब्दांचा: कसरत, सायकल, कुत्रे. लोक अजून येत असतात, खुर्च्या वाजत असतात. संवाद ऐकूच जाणार नाहीत, म्हणून संवादच नकोत. दुसरा ‘वन’मधला, गाणारी जोडी, तिचं काम एवढंच की लोकांना स्थिर करायचं. ही जागा कलाकारांना नकोशी वाटायची. तिसऱ्या जागी नाटिका, चौथ्या जागी पहिला जोरदार फटका. पाचवा मध्यंतराआधीचा, म्हणजे लॉबीत सिगार ओढताना लोकांनी ज्याविषयी बोलावं असा.

सहावी जागा मला सगळ्यांत अवघड वाटते. लोक परतत असतात, म्हणून पुन्हा डोळ्यांनी समजणारं काही हवं. पण ते पहिल्या आयटमइतकं हलकं चालत नाही, कारण खेळाचा जोर मध्यंतराने आधीच ओसरलेला असतो. शिवाय पुढच्या दोन आयटमांपेक्षा ते भारी ठरलं तर तेही नुकसानच. विनोदी जादूगार किंवा बोलबोलत चेंडू झेलणारा इथे चांगला बसायचा. सातवी नाटिका, बहुतेकदा नाटकांतल्या एखाद्या नावाजलेल्या नटाची. आठवी जागा मुख्य आकर्षणाची, आणि ती बहुधा ‘वन’मध्ये एकटं उभं राहून खेळ खिशात घालणाऱ्या विनोदी नटाची. त्याच्या पाठीमागे नवव्याचा सेट लागत असायचा, त्यामुळे सामानाचा आवाज येऊन विनोदाचा शेवट बुडू नये याची काळजी घ्यावी लागे. नववा आयटम भव्य आणि पुन्हा बिनशब्दांचा, कारण लोक कोट चढवून निघायला लागलेले असतात.

हा क्रम कागदावर ठरायचा, पण त्याची परीक्षा सोमवारी सकाळी. आयटमवाले आपापल्या रेल्वेगाडीने येऊन थेट थिएटर गाठायचे. संगीताच्या तालमीत आधी येणाऱ्याला आधी वेळ मिळे. स्वरलिपीच्या वह्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फूटलाइटपाशी ओळीने ठेवल्या जायच्या. दोन आयटमांत एकच लोकप्रिय गाणं निघालं तर ज्याची वही आधी त्याचं गाणं, दुसऱ्याने बदलायचं. म्हणून रात्रभर प्रवास केलेले लोकही स्टेशनवरून धावत सुटायचे. वही फाटकी किंवा अर्धवट खोडलेली असेल तर तालमीत जेमतेम मिळणारी काही मिनिटं सूर जुळवण्यातच संपायची आणि दुपारच्या खेळात नाच एका लयीत, वाद्यवृंद दुसऱ्या लयीत.

तालवादकाचं काम वेगळंच. विनोदी नट आपटतो त्याच क्षणी ढोलाचा किंवा झांजेचा ठोका पडला पाहिजे. म्हणून त्याने स्वरलिपीकडे पाहायचंच नाही. नटाच्या पायांकडे आणि खांद्यांकडे पाहायचं, कारण पडायच्या आधी वजन कुठल्या पायावर गेलं ते तिथे दिसतं. ठोका जरा उशिरा आला तर हशा पिकत नाही. लवकर आला तर नट पडण्याआधीच लोकांना कळतं आणि हसू विरतं. जाणकार नट सोमवारी वाद्यवृंदाच्या प्रमुखाइतकाच वेळ तालवादकाशी बोलायचे.

सामानाची यादी आणि दिव्यांची यादी आयटमवाल्यांनी आधी टपालाने पाठवायची असे. टेबल, दोन खुर्च्या, टेलिफोन, सोफा, हे थिएटरच्या सामानवाल्याने जमवायचं. यादीत ‘टेबल’ एवढंच लिहिलं आणि आयटममध्ये त्यावर उडी मारायची असली तर काय होणार हे उघड आहे. मजबुती, उंची, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे सगळं लिहावं लागे.

वर, माळ्यावर, पडदे दोरांनी टांगलेले. पडदा सपाट उचलायचा तर कमानीच्या वर पडद्याच्या उंचीहून जास्त मोकळी जागा लागते. ती नसलेल्या छोट्या थिएटरांत पडदा खालच्या काठीवर गुंडाळत वर न्यायचे. त्याने रंगाला भेगा पडायच्या. वजन तोलायला वाळूच्या पिशव्या, दोर बांधायला लांब कठड्यावरच्या खुंट्या. दोर अंबाडीसारख्या तंतूंचे, आणि दमट हवेत ते आखडायचे. दुपारी बरोबर टेकलेला पडदा पावसाळी संध्याकाळी चार बोटं वर राहायचा आणि त्याखालून सामान हलवणाऱ्यांचे बूट दिसायचे. म्हणून प्रत्येक खेळाआधी दोर पुन्हा समतल करणं हे वरच्या माणसांचं नेमाचं काम. फिरत्या आयटमवाल्यांनी यावर एक चांगला उपाय काढला होता: सरसातल्या रंगाऐवजी कापडात मुरणाऱ्या रंगाने रंगवलेला पडदा. तो घडी करून ट्रंकेत भरला तरी रंगाचे पोपडे उडत नसत.

कापड, दोर, लाकूड आणि विजेच्या ठिणगीवर चालणारे कार्बन आर्कचे दिवे एकत्र आले की आगीची भीती आलीच. ३० डिसेंबर १९०३ला शिकागोच्या इरक्वॉय थिएटरमध्ये आर्क दिव्यामुळे पडद्याने पेट घेतला, आगरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला आणि ६०० हून अधिक माणसं गेली. तो खेळ संगीतिकेचा होता, व्हॉडव्हिलचा नव्हे. पण त्यानंतर अनेक शहरांनी सगळ्याच थिएटरांचे नियम कडक केले: बाहेर उघडणारी दारं, न पेटणारं कापड, नेहमी तपासला जाणारा आगपडदा.

पहिल्या खेळानंतर व्यवस्थापक अहवाल लिहायचा. बी. एफ. कीथ या थिएटरमालकाच्या साखळीत हे अहवाल मुख्य कचेरीत जायचे: आयटम किती मिनिटं चालला, टाळ्या कशा पडल्या, कुठली वाक्यं कापली. कीथ आणि त्याचा भागीदार एडवर्ड अल्बी यांना कुटुंबं, बायकामुलं थिएटरात हवी होती, म्हणून ‘डॅम’सारखी सौम्य शिवीसुद्धा चालत नसे. १९०६पासून त्यांच्या युनायटेड बुकिंग ऑफिसमार्फत काम घ्यायचं तर पगाराचे पाच टक्के तिथे आणि साधारण पाच टक्के एजंटला. आठवड्याला २०० डॉलर ठरले तर २० असेच गेले, त्यात रेल्वेभाडं बहुधा स्वतःचंच. ‘व्हाइट रॅट्स’ या कलाकारांच्या संघटनेने १९०१मध्ये आणि पुन्हा १९१६-१७मध्ये संप केला. दुसऱ्या संपानंतर ती मोडलीच. ही मालकांची पकड मला या साऱ्या सुरेख यंत्रणेवरचा डाग वाटते. दुसरा डाग त्याहून मोठा: तोंडाला काळं फासून केलेली कृष्णवर्णीयांची टवाळी सर्रास चालायची, बर्ट विल्यम्ससारख्या अस्सल कृष्णवर्णीय कलाकारालाही तोच रंग फासावा लागला, आणि अनेक शहरांत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वरच्या गॅलरीतच बसवलं जायचं.

यातलं प्रत्यक्ष काही पाहायचं असेल तर टोरांटोला यंग स्ट्रीटवर जावं. वास्तुविशारद थॉमस लॅम्बने थिएटरमालक मार्कस लोसाठी इथे एकावर एक दोन थिएटरं बांधली. खालचं, आजचं एल्गिन, डिसेंबर १९१३मध्ये उघडलं; सात मजले वरचं विंटर गार्डन फेब्रुवारी १९१४मध्ये. वरच्या छताला बीच झाडाची खरी पानं आणि कंदील टांगलेले आहेत, भिंतींवर बाग रंगवलेली आहे. १९२८मध्ये वरचं थिएटर बंद झालं आणि कित्येक दशकं तसंच पडून राहिलं. १९८०च्या दशकात डागडुजी करताना प्रश्न आला की भिंतींचा रंग पाण्यात विरघळणारा, तर धूळ काढायची कशी? ब्रेडच्या कच्च्या कणकेचे गोळे फिरवून मळ टिपला गेला, त्याला दीडशे किलोंहून जास्त कणीक लागली. तिथेच व्हॉडव्हिलच्या नेपथ्याचा मोठा साठा सापडला. त्यातला स्कॅरब किड्याच्या नक्षीचा सेट पाहिला की फिरत्या आयटमांसाठी थिएटरला स्वतःचं नेपथ्य का बाळगावं लागे ते कळतं.

सिनेमा या खेळात बाहेरून चाल करून आला नाही. २९ जून १८९६ला न्यूयॉर्कमध्ये ल्युमिएर बंधूंचं यंत्र कीथच्या युनियन स्क्वेअर थिएटरातच दाखवलं गेलं, आणि पुढे फिल्म बहुधा शेवटच्या जागी लागू लागली. चित्राचा पडदा पुढेच सोडता येतो, सेट लागत नाही, रेल्वेभाडं नाही, तालीम नाही. स्वस्त थिएटरांनी आधी एक आयटम कमी करून एक रीळ वाढवलं, मग दोन. १९१३मध्ये उघडलेलं न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर सगळ्यांत जास्त टिकलं. १९३२मध्ये तिथेही फिल्म आली.